तरुण क्वेकर : श्रद्धाभेद आणि एकोपा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल, की हे क्वेकर कोण, आणि त्यांच्यातील तरुणांच्या मतभेदांशी आम्हांला काय कर्तव्य आहे? शंका रास्त आहे. २०१७ सालच्या मोजणीप्रमाणे सगळ्या जगातील क्वेकर एकत्र केले तरी त्यांची संख्या पावणेचार लाखांच्या आसपास भरते. आपल्याकडील एखाद्या बऱ्याशा शहराची वस्ती याहून अधिक निघेल. परंतु समाजाचे महत्त्व नेहमी डोकी मोजून ठरत नाही. गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेतील पहिल्या लेखी निषेधांपैकी एक १६८८ साली जर्मनटाउन येथील क्वेकर मंडळींतून निघाला, आणि १९४७ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक ब्रिटन व अमेरिका येथील दोन क्वेकर सेवासंस्थांना मिळाले. तरीही आज मी आपल्यापुढे त्यांच्या सत्कृत्यांची यादी वाचणार नाही. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या एका अडचणीविषयी. प्रत्येकाने मानलीच पाहिजेत अशी मते ज्या समाजाने कधी ठरवून दिली नाहीत, तो समाज एक राहू शकतो काय? आणि राहत असेल, तर कशाच्या बळावर?

प्रथम एकाच रविवारची दोन चित्रे डोळ्यांपुढे आणा. पहिले चित्र इंग्लंडमधील एका गावचे. साधी खोली, वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, मध्ये एक टेबल, त्यावर थोडी फुले आणि दोनतीन पुस्तके. वेदी नाही, क्रूस नाही, धर्मोपदेशक नाही. तीसचाळीस माणसे येतात आणि गप्प बसतात. दहा मिनिटे जातात, वीस जातात. मग कोणी एक बाई उठतात, दोन मिनिटे काही बोलतात, खाली बसतात. पुन्हा शांतता. तासाच्या शेवटी दोन वडीलधारी माणसे हस्तांदोलन करतात आणि उपासना संपते. त्या वर्तुळात बसलेल्या विद्यार्थ्याला विचारले, की तुझा ईश्वरावर विश्वास आहे काय, तर तो म्हणेल, “कोणत्या अर्थाने विचारता, त्यावर उत्तर अवलंबून आहे.”

दुसरे चित्र पश्चिम केनियातील. पत्र्याच्या छपराचे मोठे मंदिर माणसांनी भरले आहे. तरुण मुलामुलींची गायनमंडळी एकसारख्या पोशाखात उभी आहेत, ढोल वाजत आहेत, टाळ्या पडत आहेत. पाळक बायबल उघडून प्रवचन करतात, लोक मोठ्याने प्रार्थना करतात, आणि दोनतीन तास कसे गेले ते कळत नाही. येथील विद्यार्थ्याला तोच प्रश्न विचारा. तो आपल्याकडे नवलाने पाहील आणि सांगेल, की येशू ख्रिस्त हा माझा तारणारा आहे. यात विचारण्यासारखे काय आहे?

हे दोघेही क्वेकर. दोघेही आपल्या समाजाला एकाच नावाने, ‘मित्र’ या नावाने ओळखतात. दोघांच्याही उपासनेत बाप्तिस्म्याचे पाणी नाही आणि प्रभुभोजनाची भाकर नाही. दोघांचाही मूळपुरुष एकच. मग इतके अंतर पडले कसे? याचे उत्तर शोधण्यासाठी साडेतीनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशरमधील एका विणकराचा मुलगा, जन्म १६२४. लहानपणी तो जोडे करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. त्याच्या तारुण्यात इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले होते, आणि १६४९ मध्ये तर तेथे राजाचाच शिरच्छेद झाला. प्रत्येक पंथ आपलेच खरे असे ओरडून सांगत होता. फॉक्स एका धर्मोपदेशकाकडून दुसऱ्याकडे हिंडला, पण त्याच्या मनाची तळमळ कोणालाच शमविता आली नाही. अखेर १६४७ च्या सुमारास त्याला असा अनुभव आला, की ख्रिस्त हा अंतःकरणात स्वतः बोलतो. मध्ये दलाल लागत नाही. प्रत्येक मनुष्याच्या ठायी एक प्रकाश आहे आणि स्तब्ध होऊन वाट पाहिली तर तो वाट दाखवितो, ही त्याची शिकवण. १६५० मध्ये डर्बीच्या एका न्यायाधीशाने त्याच्या अनुयायांना ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असे चेष्टेने म्हटले आणि तेच नाव चिकटले.

१६५२ साली अल्व्हरस्टन येथील देवळात फॉक्सने जमलेल्या लोकांना एक प्रश्न केला. त्याचा आशय असा : ख्रिस्त असे म्हणाला, प्रेषित तसे म्हणाले, हे तुम्ही सांगता, पण तुम्ही स्वतः काय सांगू शकता? तुमच्या जिवाला काय उमगले आहे? हा प्रश्न ऐकून मार्गरेट फेल ही थोर घराण्यातील स्त्री जागच्या जागी रडू लागली, आणि पुढे तिचे स्वार्थमूरचे घर या चळवळीचे माहेरघर बनले.

श्रोतेहो, माझ्या आजच्या सगळ्या विवेचनाचे बीज या एका प्रश्नात आहे. तो दुधारी आहे. जो त्यातील ‘ख्रिस्त’ या शब्दावर भर देईल तो म्हणेल, की मला अंतःकरणात ख्रिस्त भेटला, आता त्याच्याशिवाय मला दुसरे काही नको. जो ‘तुम्ही स्वतः’ या शब्दांवर भर देईल तो म्हणेल, की माझा अनुभव हाच माझा आधार. तो मला जेथे नेईल तेथे मी जाईन. फॉक्सच्या मुखात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. त्याच्या वारसांच्या हातात त्या वेगळ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ही चळवळ आरंभापासून तरुणांची होती. १६५२ मध्ये फॉक्स स्वतः अठ्ठावीस वर्षांचा होता. एडवर्ड बरो हा त्याचा समर्थ सहकारी तेव्हा विशीच्या आत होता, आणि तिशी गाठण्यापूर्वीच तो लंडनच्या तुरुंगात मेला. जेम्स पार्नेल हा मुलगा १६५६ साली कोल्चेस्टरच्या किल्ल्यातील कोठडीत मरण पावला, तोही विशी न ओलांडता. क्वेकर विचाराची पहिली पद्धतशीर मांडणी करणारा रॉबर्ट बार्क्ली याचा लॅटिन ग्रंथ १६७६ मध्ये निघाला तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसच्या आतबाहेर होते. आणि १६६४ साली रेडिंग गावातील मोठी माणसे तुरुंगात डांबली गेली, तेव्हा त्यांच्या मुलांनी स्वतःच जमून उपासना चालू ठेवली. तेव्हा तरुणांनी वडीलमंडळींना अडचणीचे प्रश्न विचारणे ही या समाजात मुळीच नवी गोष्ट नाही.

आता फाटाफूट कशी झाली ते थोडक्यात पाहू. पहिली मोठी फूट १८२७ मध्ये फिलाडेल्फियात पडली. इलायस हिक्स हा लाँग आयलंडचा वृद्ध शेतकरी-उपदेशक आंतरिक प्रकाशाला बायबलच्या अक्षरापेक्षा वर मानी. शहरातील वजनदार मंडळींना, ज्यांच्यावर त्या काळच्या सुवार्तावादी जागृतीची छाप होती, हे पाखंड वाटले. समाज दुभंगला; सभागृहे, शाळा, दफनभूमी यांचीही वाटणी झाली. १८४५ मध्ये न्यू इंग्लंडात दुसरी फूट पडली. जोसेफ जॉन गर्नी हा इंग्लिश उपदेशक बायबलचा अभ्यास आणि तारणाचा सिद्धांत यांवर जोर देई, तर जॉन विल्बर याला जुनी मौनाची रीत सोडवेना.

गर्नीच्या बाजूची मंडळी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात फोफावली. यादवी युद्धानंतर तेथे धर्मजागृतीच्या लाटा आल्या, आणि मौनात बसण्याची सवय नसलेली नवी माणसे शेकड्यांनी समाजात शिरली. त्यांना शिकवावयास कोणी हवे म्हणून पगारी पाळक आले. पाळकांबरोबर प्रवचन आले, स्तोत्रे आली, ठरलेल्या क्रमाची उपासना आली. १८८७ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे या मंडळींनी आपल्या श्रद्धेचे निवेदनही तयार केले. मते ठरवून न देणाऱ्या समाजाच्या इतिहासात हे मोठेच वळण होते. उलट इंग्लंडमध्ये १८९५ च्या मँचेस्टर परिषदेत वारे दुसऱ्या दिशेने वाहू लागले. जॉन विल्हेल्म राउंट्री हा सत्तावीस वर्षांचा तरुण त्या नव्या विचाराचा अग्रणी होता. आधुनिक विज्ञान आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यांना भिऊन चालणार नाही, असे या पिढीचे म्हणणे होते.

मग एक मोठी घटना घडली. दूरदेशी धर्मप्रसारास सर्वांत जास्त उत्साहाने जी शाखा बाहेर पडली, ती प्रवचन-पाळकांची शाखा होती. १९०२ मध्ये विलिस हॉचकिस, आर्थर चिल्सन आणि एडगर होल हे तिघे अमेरिकन केनियातील कैमोसी येथे पोचले. त्यांच्या कार्याच्या नावातच ‘औद्योगिक’ हा शब्द होता. लाकूड कापण्याची गिरणी, शाळा, दवाखाना आणि मंदिर ही सगळी तेथे एकमेकांच्या आधाराने वाढली. १९४६ मध्ये पूर्व आफ्रिकेची स्वतंत्र वार्षिक सभा स्थापन झाली. आज जगातील सर्वाधिक क्वेकर ज्या देशात आहेत तो देश इंग्लंड नव्हे, अमेरिकाही नव्हे. तो केनिया आहे. २०१७ च्या मोजणीत जगातील जवळजवळ निम्मे क्वेकर आफ्रिका खंडात भरले. बोलिव्हियाच्या उंच पठारावर ऐमारा जमातीत हजारो क्वेकर आहेत. अलास्कात, उत्तर ध्रुववृत्ताच्या शेजारी, इनुपियाक लोकांतही १८९७ पासून मित्रसमाज आहे. या सर्वांनी क्वेकर धर्म ज्या रूपात पाहिला ते रूप बायबल, गीत आणि ख्रिस्तभक्ती यांचे होते.

म्हणजे पाहा : आजच्या इंग्लिश आणि केनियन तरुणांमध्ये जे अंतर आहे, ते त्यांनी निर्माण केलेले नाही. पणजोबांच्या भांडणातील दोन बाजू दोन वेगळ्या खंडांत वाढल्या, आणि पणतवंडे प्रथम समोरासमोर आली तेव्हा एकमेकांना ओळखेनात.

येथे दोन्ही बाजूंना न्याय देऊन बोलले पाहिजे. आपल्यासारख्या सुशिक्षित शहरवासीयाला पहिल्या झटक्यात वाटते, की मौनात बसणारे ते प्रगत आणि ढोल वाजविणारे ते मागासलेले. हा निष्कर्ष फार घाईचा होईल. बोलिव्हियात १९५२ च्या क्रांतीपूर्वी साक्षरतेच्या अटीमुळे बहुसंख्य ऐमारा शेतकऱ्यांना मतदानाचा अधिकारच नव्हता. अशा माणसाच्या घरी बायबल येते, ते वाचण्यासाठी तो अक्षरे शिकतो, गावात शाळा निघते, आणि जमीनदारापुढे मान खाली घालून उभा राहणारा मनुष्य मंदिरात उभा राहून बोलू लागतो. त्याच्या नातवाला ‘बायबल हे अनेक धर्मग्रंथांपैकी एक आहे’ असे कोणी सहज म्हटले, तर त्याला ते उदारपणाचे लक्षण वाटेल, की आपल्या आजोबांचा आधार काढून घेणे वाटेल?

उलट इंग्लंडची स्थिती पाहा. तेथील आजच्या क्वेकरांपैकी बरेचसे जन्माने क्वेकर नाहीत. मोठेपणी, समजूनउमजून ते आत आले आहेत. कोणी अन्य चर्चमधील सक्तीच्या श्रद्धावचनांना कंटाळून आला, कोणी विज्ञानाच्या अभ्यासाने जुनी श्रद्धा गमावून आला. ‘पाप’, ‘तारण’, ‘रक्त’ हे शब्द त्यांपैकी कित्येकांना जुन्या जखमेवर बोट ठेवल्यासारखे लागतात. त्यांना मौन हवे असते, कारण मौनात कोणी त्यांच्याकडून खोटे वदवून घेत नाही. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, बुद्धाच्या ध्यानमार्गाकडे ओढलेले आहेत, आणि ईश्वर हा शब्दच न मानणारेही आहेत. एकाचे शब्द दुसऱ्याला घाव वाटतात आणि दुसऱ्याची शांतता पहिल्याला पोकळी वाटते. दोघेही प्रामाणिक आहेत, हीच यातील खरी अडचण.

हे सगळे तरुण एका छपराखाली आले ते १९८५ च्या जुलै महिन्यात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो येथे गिल्फर्ड कॉलेज हे क्वेकरांनीच स्थापलेले विद्यालय आहे. तेथे चौतीस देशांतून तीनशेहून अधिक तरुण मित्र जमले. सत्तावन्न वार्षिक सभांचे प्रतिनिधी त्यात होते. आपण एकाच कुटुंबातले आहोत, अशा भावनेने आलेल्या या मुलांना पहिला धक्का बसला तो उपासनेच्या वेळी. कोणती उपासना करावयाची? मौनाची की गाण्याची? प्रार्थना कोणाच्या नावाने संपवावयाची? वरवर पाहता हे प्रश्न किरकोळ. पण अशाच प्रश्नांवरून त्यांच्या पूर्वजांनी दफनभूमीसुद्धा वाटून घेतल्या होत्या.

या मेळाव्याने जगभरच्या मित्रांना जे पत्र लिहिले ते क्वेकर जगात आजही आठवले जाते. अशा पत्रांत सहसा गोड गोड भाषा असते. या पत्रात मुलांनी सरळ कबूल केले, की एकमेकांतील भेदांनी आम्ही हादरलो, काही वेळा संतापलो, काही वेळा दुखावलो आणि दबूनही गेलो. आणि पुढे असेही सांगितले, की या झगड्यातून आमची वाढ झाली. गाण्यात, बायबलवाचनात, मौनात, सर्व प्रकारच्या उपासनांत आम्हांला पवित्र आत्म्याचा स्पर्श जाणवला. मला या पत्राचे मोल वाटते ते पहिल्या कबुलीमुळे. ‘आमच्यात भेद नाहीत’ असे म्हणणारा एकोपा फार काळ टिकत नाही. ‘भेद आहेत, ते आम्हांला टोचले, आणि तरीही आम्ही उठून गेलो नाही’ असे म्हणणाऱ्याच्या शब्दाला वजन असते.

वीस वर्षांनी, २००५ मध्ये, असाच दुसरा जागतिक मेळावा ठरला. स्थळ निवडले इंग्लंडमधील लँकेस्टर, म्हणजे फॉक्सने १६५२ मध्ये जो मुलूख पायांखाली घातला त्याच्या जवळचे. परंतु आफ्रिका व अन्य भागांतील कित्येक तरुणांना इंग्लंडचा प्रवेशपरवानाच मिळाला नाही. ज्या खंडात या समाजाची जवळजवळ निम्मी माणसे आहेत तेथील मुलांना समाजाच्या जन्मभूमीचे दार बंद झाले. तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केनियाच्या किनाऱ्यावर कनामाई येथे मेळाव्याचा दुसरा भाग भरविण्यात आला, आणि लँकेस्टरला जमलेल्यांपैकी काहीजण तेथे गेले. श्रद्धाभेदाच्या चर्चेत आपण एक गोष्ट विसरतो : समान पातळीवर बसल्याशिवाय संवाद होत नाही, आणि कोणाचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे यावर ती पातळी पुष्कळदा ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हा समाज कशाच्या बळावर एकत्र राहतो?

पहिले बळ त्यांच्या कामकाजाच्या रीतीत आहे. क्वेकर सभेत मतदान होत नाही. बहुमत हा शब्दच तेथे लागू नाही. सभेचा चिटणीस सर्वांचे ऐकतो. एकाचे बोलणे संपले, की दुसरा लगेच उठत नाही. मध्ये थोडी शांतता ठेवतात. वाद तापला तर चिटणीस मौनाची विनंती करतो. शेवटी सभेचा कल कोठे आहे हे ओळखून तो तेथल्या तेथे ठराव लिहितो आणि वाचून दाखवितो. सर्वांना मान्य झाला तरच तो ठराव. एकमत झाले नाही तर प्रश्न पुढे ढकलतात, प्रसंगी अनेक वर्षे. या रीतीत वेळ फार जातो, आणि हट्टी मनुष्य सर्वांना अडवून धरू शकतो, हा तिचा दोष उघड आहे. पण तिचा गुण असा, की तेथे कोणी हरलेला नसतो. पाळक असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या क्वेकरांत ही रीत कमीअधिक प्रमाणात टिकून आहे.

दुसरे बळ हाताने केलेल्या कामात आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या तरुणांना दुसरी सेवा मिळावी म्हणून फिलाडेल्फियात एक सेवासमिती निघाली. हिक्सच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे तरुण फ्रान्समध्ये उद्ध्वस्त झालेली घरे खांद्याला खांदा लावून बांधू लागले. आजोबा एकमेकांच्या सभेत पाऊल टाकीत नव्हते. नातू एकाच भिंतीला दोन बाजूंनी गिलावा करीत होते. हा सहवास फुकट गेला नाही. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या दोन्ही वार्षिक सभा एकशे अठ्ठावीस वर्षांनंतर पुन्हा एक झाल्या.

अलीकडचे उदाहरण आफ्रिकेतील आहे. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातील ग्रीन हेवन तुरुंगात कैदी आणि क्वेकर यांनी मिळून हिंसेला पर्याय शिकविणारी शिबिरे सुरू केली. हे काम उदारमतवादी, मौनाच्या क्वेकरांतून निघाले. ते रवांडा व बुरुंडीत पोचले, जेथील क्वेकर कट्टर सुवार्तावादी आहेत. १९९४ च्या नरसंहारानंतर एकाच गावात मारणारे आणि वाचलेले शेजारी राहत होते. तेथील मित्रांनी २००३ च्या सुमारास, त्या शिबिरांचा अनुभव गाठीशी घेऊन, दुखावलेल्या समाजाची मने सांधणारी स्वतःची पद्धत तयार केली. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात जमातीजमातींत रक्तपात झाला, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये काकामेगा येथे क्वेकर मंडळी जमली, शांतिपथके स्थापन झाली, आणि हीच शिबिरे छावण्यांतून व गावांतून भरू लागली. ख्रिस्ताविषयी न्यूयॉर्कचा क्वेकर काय मानतो, हे कोणी त्या वेळी विचारले नाही. काम उपयोगी पडले, आणि कामामागची माणसे आपली वाटली.

पण केवळ एवढेच सांगून थांबलो तर मी आपणांस अर्धे चित्र दाखविले असे होईल. हे बळ सर्वत्र पुरे पडले नाही. २००९ साली ब्रिटनच्या वार्षिक सभेने समलिंगी जोडप्यांचे विवाह इतर विवाहांप्रमाणेच मान्य करावयाचे ठरविले; देशाचा कायदा त्यांच्या मागाहून बदलला. केनियातील वार्षिक सभांची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातील वार्षिक सभेत याच प्रश्नावर २०१७ मध्ये फूट पडली. समलिंगी व्यक्तींना पूर्ण स्थान देऊ पाहणाऱ्या मंडळ्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांनी वेगळी वार्षिक सभा काढली. म्हणजे १८२७ ची पुनरावृत्ती एकविसाव्या शतकातही होऊ शकते. ज्या तरुणाच्या जिव्हाळ्याचा हा प्रश्न आहे, त्याला ‘आणखी दहा वर्षे शांत बसून वाट पाहू’ असे सांगणे सोपे नाही; आणि ज्याला बायबलचे वचन मोडवत नाही त्याला ‘काळाबरोबर चल’ असे सांगणेही सोपे नाही. ऐकून घेण्याची रीत माणसांना बराच काळ एका खोलीत ठेवू शकते. ती प्रत्येक गाठ सोडवीलच, अशी हमी तिच्या पुरस्कर्त्यांनीही दिलेली नाही.

या कथेत आपल्या देशाचाही थोडा भाग आहे. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी होशंगाबादेस, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लिश क्वेकर आले. आणि त्याच प्रांताच्या उत्तरेस बुंदेलखंडात, १८९६ च्या दुष्काळात, नौगाव येथे डेलिया फिस्लर व एस्थर बेअर्ड या अमेरिकेतील ओहायोच्या बायांनी अनाथ मुलांना आसरा दिला. पहिले लंडनच्या वळणाचे, दुसरे ओहायोच्या सुवार्तावादी वळणाचे. पणजोबांचे ते भांडण असे आपल्या अंगणापर्यंत आले होते.

आणि आपल्या अगदी जवळचे नाव म्हणजे मार्जरी साइक्स. यॉर्कशरमध्ये १९०५ साली जन्मलेल्या या क्वेकर बाई १९२८ मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, पुढे शांतिनिकेतनात राहिल्या, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना घडविण्याचे काम त्यांनी केले. सेवाग्रामच्या प्रार्थनेत सर्व धर्मांचे पाठ होत. तेथे क्वेकर बाईंना परके वाटण्याचे कारण नव्हते. त्याच सुमारास होरेस अलेक्झांडर या गांधीजींच्या क्वेकर स्नेह्याने, कोणत्याही धर्माच्या माणसाला आपला धर्म न सोडता सामील होता येईल असे सत्याच्या मित्रांचे मंडळ भारतात काढले. पुढे दिल्लीच्या क्वेकर सभेत निरनिराळ्या धर्मांच्या लोकांबरोबर बसलेल्या जॉन लिंटन यांनी १९७९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सर्वधर्मी वृत्तीच्या क्वेकरांचा गट सुरू केला. ब्रिटनमधील ज्या मोकळ्या विचाराने केनियन तरुण बुचकळ्यात पडतो, त्याला थोडे पाणी आपल्या देशातूनही मिळाले आहे.

तेव्हा या सगळ्याचा इत्यर्थ काय? फॉक्सने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज जगभर निरनिराळे मिळते. इंग्लंडमधील मुलगी म्हणते, मी शोधते आहे. केनियातील मुलगा म्हणतो, मला सापडला आहे. बोलिव्हियातील मुलगा म्हणतो, माझ्या आजोबांना ज्याने ताठ उभे केले त्याला मी सोडणार नाही. या उत्तरांची बेरीज करून एक मत निघणार नाही, आणि तसे ते ओढूनताणून काढण्याचा प्रयत्न जेव्हा जेव्हा झाला तेव्हा तेव्हा समाज फुटला. जेथे तो टिकला, तेथे एकाने प्रश्न विचारला आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तो गप्प बसला.

गप्प बसणे म्हणजे मान्य करणे नव्हे. क्वेकर तरुण मौनात बसतात तेव्हा ते आपले मत खिशात घालून ठेवीत नाहीत. समोरच्याला बोलावयास जागा करून देतात. चारचौघांत ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, अशी सवय आपल्या सभांना, समित्यांना आणि घरांनाही जडलेली आहे. ती जर कधी नकोशी वाटली, तर मूठभर माणसांचा हा साडेतीनशे वर्षांचा प्रयोग, त्याच्या यशासकट आणि अपयशासकट, आपल्यापुढे आहे.